खोदादाद, बोगदान आणि भगदत्त

मोबाइलवरच्या याद्या खऱ्या मानल्या तर जगातल्या निम्म्या मुलग्यांच्या नावाचा अर्थ 'देवाची कृपा' आणि उरलेल्या निम्म्यांचा 'सूर्याचा किरण'. कियान म्हणजे देवाची कृपा, रेयांश म्हणजे सूर्यकिरण, शिवाय विष्णूचा अंश वर फुकट. बारसं आठवड्यावर आलेलं असतं, गुरुजींनी नावरस अक्षर काढून दिलेलं असतं आणि आत्याबाई रात्री उशिरापर्यंत 'थ वरून मुलाचं नाव' शोधत बसलेल्या असतात.

नावरसाचं गणित तसं सोपं आहे. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणून अक्षरं १०८. अश्विनीवर जन्मलेल्याला चू, चे, चो, ला. तिथे निदान चेतन सापडतो. उत्तरा भाद्रपदा निघाली की दू, थ, झ, ञ. हस्त निघालं की पू, ष, ण, ठ. आर्द्रेच्या वाट्याला तर चक्क ङ येतो. ण वरून सुरू होणारं नाव कुणी हाक मारताना ऐकलंय? मग 'काहीतरी वेगळं' शोधायला सुरुवात होते आणि घरच्या पाळण्यापर्यंत पारशी, हिब्रू, आयरिश, जपानी अशी कुठकुठली नावं येऊन पोचतात. त्यात वाईट काही नाही. फक्त अर्थ विचारण्याआधी भाषा विचारावी, एवढंच माझं म्हणणं. नाव कोणत्या भाषेतलं, त्याचे तुकडे किती, आणि ती माणसं मुलाला असं नाव का ठेवायची, हे कळलं की अर्थ आपोआप कळतो. हे काहीच सापडत नसेल तर तो अर्थ कुणीतरी बसल्या जागी जुळवला आहे, असं खुशाल समजावं.

मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जायला नको. दादर टीटीचा खोदादाद सर्कल घ्या. सगळे 'टीटी' म्हणतात, त्यामुळे खरं नाव वाचायचं राहूनच जातं. खोदादाद हे फारसी नाव. खोदा म्हणजे देव, आपल्याला खुदा म्हणून माहीत आहे तोच. दाद म्हणजे दिलेला. दान, दाता, दत्त ज्या धातूतून निघाले त्याचाच हा इराणी भाऊबंद. म्हणजे खोदादाद हा सरळ आपला देवदत्त.

देवाने दिलेला मुलगा या कल्पनेवर जगात जितकी नावं आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर असतील. ग्रीकांचा थिओडोर: थिओस म्हणजे देव, डोरॉन म्हणजे भेट. रशियात जाऊन त्याचा फ्योदोर झाला. हिब्रूत नथानिएल: नाथान म्हणजे दिलं, एल म्हणजे देव. योनाथान, म्हणजे इंग्रजीतला जोनाथन, तोही असाच. मराठी बायबलात जो मत्तय आहे आणि केरळात मथाई, त्याचाही अर्थ देवाची देणगी. अरबीत अताउल्ला. चिनीत 'थ्येन्त्स्', स्वर्गाने बहाल केलेला. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेत द्यूदोने हे नाव आजही सर्रास ऐकू येतं. इथे एक फसवी जागा आहे. ग्रीक थिओस आणि आपला देव कानाला जुळे वाटतात, पण त्यांचं काही नातं नाही. फ्रेंच द्यू मात्र लॅटिन देउसमधून आला आणि देउस हा देव शब्दाचा सख्खा भाऊ. कानावर भरवसा ठेवून नावांचे अर्थ लावू नयेत, ते याचसाठी.

या कुळातलं माझं सगळ्यात आवडतं नाव बोगदान. पोलंड, युक्रेन, सर्बिया, रुमानिया या पट्ट्यात ते मिळतं. बोग म्हणजे देव, दान म्हणजे दिलेला. बोग हा 'भगवान'मधल्या भग या शब्दाचा नातलग. वेदांतला भग हा भाग्य वाटून देणारा देव. आता महाभारत आठवा. प्राग्ज्योतिषाचा म्हातारा राजा, हत्तीवर बसून अर्जुनाशी लढला आणि त्याच्या हातून पडला, त्याचं नाव भगदत्त. बोगदान आणि भगदत्त, तुकड्याला तुकडा जुळतो. बगदाद शहराचं नावही 'बग-दाद' असंच फोडावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या चाळीतल्या दत्तूच्या आणि दत्तारामाच्या नावातही तोच 'दिलेला' बसलाय. त्यामुळे दत्तू जुनाट आणि बोगदान नवा, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

पारशी नावांशी मुंबईकराची ओळख जुनी. रस्ते, बागा, रुग्णालयं, आर्ट गॅलरी सगळीकडे ती कोरलेली. पण अर्थ विचारला तर 'बावाजींची नावं' इथेच गाडी थांबते. ही नावं मराठी माणसाला खरं तर सगळ्यात सोपी, कारण पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता, त्याची भाषा आणि वेदांचं संस्कृत या बहिणी आहेत. एक नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ काम होतं: संस्कृतात जिथे स येतो तिथे जुन्या इराणी भाषांत बऱ्याचदा ह येतो. सिंधूचा हिंदू झाला. सोमाचा हओम झाला. सप्ताचं हप्त झालं आणि त्यातून सात दिवसांचा हफ्ता आला. आपण गाडीच्या कर्जाचा भरतो तो हप्ता हाच, जरी तो महिन्याला कापला जात असला तरी.

आता हा नियम नावांना लावून पाहा. होर्मझ किंवा होरमुस हे अहुर मझ्दाचं झिजलेलं रूप. अहुर म्हणजे असुर, मझ्दा म्हणजे मेधा. तिकडे असुर हा परमेश्वर झाला आणि देव हे राक्षस ठरले, आपल्याकडे उलटं. दोन बहिणींचं घरात भांडण व्हावं आणि भांडीकुंडी मात्र सारखीच राहावीत, तसा हा प्रकार. बेहराम घ्या. जोगेश्वरीला बेहराम बाग आहे, वांद्र्याला बेहरामपाडा आहे, मुंबईत ४ आतश बेहराम, म्हणजे पारशांची मोठी अग्निमंदिरं, आहेत. बेहरामचं मूळ रूप वेरेथ्रघ्न, आणि ते मोठ्याने म्हटलं की वृत्रघ्न, वृत्रहन् ऐकू येतं. हे तर इंद्राचं बिरुद! अवेस्तात इंद्राची गणना दुष्टांत झाली, पण त्याची पदवी मात्र विजयाचा देव होऊन पूज्य ठरली. म्हणून आतश बेहराम म्हणजे विजयाचा अग्नी.

जमशेदमध्ये यम आहे, असं सांगितलं तर कुणी पटकन विश्वास ठेवणार नाही. पण आहे खरा. मूळ नाव 'यिम क्षएत', म्हणजे तेजस्वी यिम. हा यिम विवङ्हवन्ताचा मुलगा आणि आपला यम विवस्वताचा. फक्त इराणी परंपरेत यिम हा सुवर्णयुगाचा राजा, ज्याच्या राज्यात म्हातारपण नव्हतं, मरण नव्हतं. आपण त्याच माणसाला मरणाचं खातं दिलं. खुर्शेदमधला 'शेद' हाच, आणि 'खुर' म्हणजे हवर, आपला स्वर्, सूर्य. यादीवाल्यांनी सूर्यकिरणाचं लेबल खुर्शेदवर लावलं असतं तर निदान खोटं ठरलं नसतं.

अर्देशीर हे नाव अर्देशीर इराणींमुळे मुंबईला माहीत आहे. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये त्यांचा 'आलम आरा' लागला आणि आपला सिनेमा बोलायला लागला. या नावात अर्त म्हणजे ऋत, सत्य, विश्वाचा नियम. आणि पुढचा भाग म्हणजे क्षत्र, राज्य. ज्याची सत्ता ऋतावर उभी आहे तो. इतकं भारी नाव आपल्याकडे कुणी ठेवलं असतं तर 'ऋतक्षत्र' म्हणून हाक मारताना जीभ अडखळली असती. इराणी लोकांनी हजार-दोन हजार वर्षं घासून ते गुळगुळीत केलं. दारियस हा 'दारयवहुश', म्हणजे जे चांगलं आहे ते धरून ठेवणारा. धारय आणि वसु हे दोन्ही शब्द आपल्या घरातले. मेहेर हा मित्र. मेहेरबानीतला मेहेर आणि मैत्रीतला मित्र मुळात एकाच देवाच्या नावातून आलेले.

आणि कैखुश्रू. कुलाब्याला कुस्रो बाग आहे, तिथलाच खुश्रू. खुश्रूचं जुनं रूप हओस्रवह, म्हणजे सुश्रवस्, ज्याची कीर्ती चांगली ऐकू येते तो. पुढे लागलेलं कै म्हणजे कवी. प्राचीन इराणात कवी ही राजांची पदवी होती. या कै राजांचा वंश म्हणजे कयानी, आणि कियान हे त्याच कै शब्दाचं अनेकवचनी रूप. म्हणजे सध्या शाळेच्या हजेरीपटावर जो कियान दिसतो तो राजवंशातला आहे. देवाची कृपा त्यात कुठून शिरली, ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक.

जनावरांवरून पडलेली नावंही पुष्कळ, थोडक्यात सांगतो: जामास्प, गुस्तास्प, लोहरास्प यांतला 'अस्प' म्हणजे अश्व. वसईकडचा फिलिप ग्रीक नावाचा, 'फिलोस' आणि 'हिप्पोस', घोड्यांची आवड असलेला. हिप्पोस, अस्प आणि अश्व हे तिघेही एकाच मुळाचे. आपल्या पुराणांत युवनाश्व, हर्यश्व, बृहदश्व आहेतच. जरथुष्ट्र या नावात मात्र उष्ट्र आहे, उंट. ज्या समाजाची मिळकत जनावरांत मोजली जायची त्याने मुलांची नावं तशी ठेवली. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नव्हता.

हिब्रू आणि अरबी नावांचा कारखाना वेगळा. तिथे नाव म्हणजे अनेकदा पूर्ण वाक्य असतं. इस्माईल: देव ऐकतो. यहेज्केल, इंग्रजीतला इझिकेल: देव बळ देतो. इमॅन्युएल: देव आमच्यासोबत. मायकेल तर चक्क प्रश्न आहे: देवासारखा कोण आहे? उत्तर अर्थातच 'कुणी नाही'. दर वेळी मायकेलला हाक मारताना आपण हा प्रश्न विचारत असतो.

हीच नावं कोकणात येऊन मराठी झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी गावावरून पेणकर, राजपूरकर, दिवेकर अशी आडनावं घेतली आणि हिब्रू नावांना मराठी 'जी' जोडला. शमुएलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. तिथला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाचा. बेने इस्राएली सिनगॉगला मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं असं सांगितलं जातं. याच समाजातले कवी निस्सिम इझिकेल १९२४ मध्ये मुंबईत जन्मले. निस्सिम म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनी. 'निःसीम' या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध नाही, पण मराठी घरात हे नाव ठेवलं तर दोन्ही अर्थ पदरात पडतील, हे मान्य करायला हवं.

अरबीत तीन व्यंजनांचा एक साचा असतो आणि त्यात स्वर बदलून नावं पाडतात. ह-म-द म्हणजे स्तुती. त्यातून मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद. नुसत्या 'अब्दुल' या हाकेला मात्र काही अर्थ नाही. अब्द म्हणजे सेवक आणि 'उल' हे पुढच्या शब्दाला लागलेलं उपपद. अब्दुल रहमान म्हणजे दयाळूचा सेवक, आपल्या रामदासासारखं. अब्दुल एवढंच म्हटलं तर 'च्या सेवका, इकडे ये' अशी ती अर्धवट हाक होते.

आता अशी नावं, जी कुठल्याही यादीत येणार नाहीत. दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, भिकाजी. आजच्या आईबापांना ही चेष्टा वाटेल. पण ज्या घरात आधीची दोन-तीन मुलं गेली, त्या घराने चौथ्याला मुद्दाम असं नाव दिलं, की मृत्यूला वाटावं, हे काय उचलायचं, हा तर दगड आहे. धोंडो हे नाव लावणारे महर्षी कर्वे (१८५८–१९६२) १०४ वर्षं जगले, इतकं तरी या नावाच्या बाजूने बोलता येईल.

हा उपाय आपलाच नाही. मंगोलियात आजही नेरगुई नावाची माणसं भेटतात. अर्थ 'नाव नाही'. एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', खुनबिश म्हणजे 'माणूस नव्हे'. वाईट शक्ती दारात आली तर तिला घरात कुणी सापडूच नये, असा पक्का बंदोबस्त. चीनच्या खेड्यांत गोउशंग, म्हणजे कुत्र्यानेही खाऊन टाकून दिलेलं. बंगालीत तिनकौडी: तीन कवड्यांना विकलेला, म्हणजे आता तो या आईबापांचा राहिलाच नाही. जपानचा बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी. त्याला उतारवयात मुलगा झाला, त्याला 'सुते' म्हणायचे, म्हणजे टाकलेला. तो लहानपणीच गेला. पुढचा झाला तेव्हा त्याचं नाव 'हिरोई', म्हणजे सापडलेला, उचलून आणलेला. सगळा देश ताब्यात असलेला माणूस पाळण्यापाशी दगडूच्या बापाइतकाच घाबरलेला होता.

काही समाज मृत्यूला फसवण्याऐवजी मुलाचीच विनवणी करतात. तुर्कीत दुर्सुन म्हणजे 'राहू दे', यशार म्हणजे 'जगतो'. नायजेरियाच्या योरुबांत मालोमो, 'पुन्हा जाऊ नकोस', आणि दुरोजाये, 'थांब, जगण्याची मजा घे'. पूर्व युरोपातले ज्यू आजारी मुलाला आल्टर म्हणत, म्हणजे म्हातारा. म्हातारा होईपर्यंत जग, हा त्यातला आशीर्वाद. अशा नावाचा अर्थ यादीतल्या दोन शब्दांत बसत नाही, म्हणूनच ती यादीत नसतात.

योरुबांचं आणखी एक नाव बाबातुंदे, 'बाबा परत आले'. आजोबा गेल्यावर थोड्याच दिवसांत नातू झाला तर हे ठेवतात. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होतीच. फक्त सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यामुळे त्या पोराला घरभर आबा किंवा बाबा म्हणायचे आणि खरं नाव शाळेत घालताना बाहेर यायचं.

वारांची नावं हा छोटा पण मजेदार गट. घानातल्या अकान लोकांत कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, क्वामे म्हणजे शनिवारी. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे. डहाणू-तलासरीकडच्या सोमा, मंगळ्या, बुध्या यांना हे वेगळं समजवायला नको. पोर्तुगीजांकडून आलेला दोमिंगो हा रविवार आणि पास्कू हा ईस्टर.

गावावरून आडनाव पडतं हे आपल्याला कळतं, पण आडनावाचं पुढे नाव होतं हे चटकन लक्षात येत नाही. झेवियर हा असाच. संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये स्पेनच्या नवारा भागातल्या हावियेर किल्ल्यात जन्मले. त्या जागेचं नाव बास्क भाषेतलं: एत्शे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. मुलुंडला, वसईला, भाईंदरला आपलं नवघर आहे, तसं ते त्यांचं. आणि फ्रान्सिस म्हणजे फ्रेंच. त्यामुळे फ्रान्सिस झेवियर या नावाचं मराठी 'फ्रेंच नवघरकर' असं होईल. यात ना कृपा आहे ना किरण, तरी चारशे वर्षं लोक ते श्रद्धेने ठेवत आलेत.

शेवटी आजकालच्या लाडक्या नावांकडे वळू. नील संस्कृतातला निळा, पण इंग्रजीत लिहिलेला नील बऱ्याचदा आयर्लंडच्या 'नियल'चा वंशज असतो. मिलन चेक किंवा सर्बियन माणसाचं असेल तर अर्थ 'लाडका', आपलं असेल तर भेट. रियान दक्षिण आफ्रिकेत आड्रियानचं छोटं रूप आहे. विहानचा अर्थ पहाट सांगतात तो बरोबर आहे, पण त्यासाठी वेदांचा दाखला नको. बनारसकडचा टॅक्सीवाला सकाळीला 'बिहान' म्हणतो, तिकडे चौकशी करावी. रेयांशमध्ये 'अंश' संस्कृत आहे, पण 'रे' म्हणजे किरण हा इंग्रजी. असं मिश्र नाव ठेवायला माझी हरकत नाही. ते ऋग्वेदातून आलंय, असं नातेवाइकांना सांगू नये म्हणजे झालं.

घाईही नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा घातल्यावर मात्र ते बदलणं कटकटीचं, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव येतं. म्हणून नाव ठरवताना चारही शब्द ओळीने मोठ्याने म्हणून पाहावेत. अर्देशीर किंवा द्यूदोने निवडलंत तर वॉर्ड ऑफिसच्या अर्जावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहून द्या आणि दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून अक्षर न् अक्षर तपासा.